परबांच्या तोंडाची प्रांतरचना

“वारा लागला तरी कळ येते,” एवढं सांगून दत्ताराम परबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

लालबागेत ज्या माणसाचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, तो माणूस आमच्या ठाकूरद्वारच्या दवाखान्यात ओठांवर रुमाल दाबून बसला होता. पुढचं सगळं त्यांची आई सांगत होती आणि परब मान हलवत होते. गरम चालत नाही, गार चालत नाही, पंख्याखाली बसवत नाही. सभेत मोठा श्वास घेतला की खालचे-वरचे सगळेच दात सणकतात, आणि वरच्यांतली सणक थेट कपाळात जाते.

परब गिरणीत कारकून होते. पण ती झाली पोटापाण्याची ओळख. खरी ओळख संयुक्त महाराष्ट्राचे वक्ते म्हणून. ते दिवस द्विभाषिकाचे होते. गुजरात आणि महाराष्ट्र एका दाव्याला बांधून दिल्लीनं आमच्या गळ्यात घातलं होतं, आणि ते दावं सोडवायला परळपासून गिरगावापर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या चौकात सभा असायची. मोठे पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवायला परबांना उभं करत. पुढारी बहुधा उशिराच येत, त्यामुळे परबांचं नाव झालं.

मी तेव्हा डॉ. सबनिसांच्या हाताखाली असिस्टंट होते. डेंटल कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, आडनाव दिघे. पेशंट मला सिस्टर म्हणत. मी डॉक्टर आहे असं सांगितलं की “असू दे, असू दे” म्हणून माझी समजूत काढत. डॉ. सबनीस विलायतेला जाऊन आले होते. किती दिवस, ते कधी सांगत नसत. रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात त्यांनी गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या मांडल्या होत्या, चपलांच्या दुकानात जोड मांडतात तशा. दुखणं कुठलंही असो, त्यांची नजर आधी पेशंटच्या तोंडात जायची आणि तिथून सरळ त्या कपाटाकडे.

“एक्स्ट्रॅक्शन,” परबांच्या तोंडातला आरसा पुरता बाहेर यायच्या आत ते म्हणाले. “वरचे सगळे काढू. मग फर्स्ट क्लास डेंचर. महिनाअखेरच्या सभेला नव्या दातांनी बोला.”

“सगळे?” परबांनी विचारलं आणि वारा लागला म्हणून पुन्हा रुमाल दाबला.

“सर, कीड एकाही दाताला नाही,” मी म्हटलं.

“मिस दिघे, दुखणारा दात हा मरायला टेकलेलाच असतो. आपण फक्त तारीख ठरवायची.”

परबांच्या आईनं माझा हात धरला. “बाय गो, झिलाचे दात काढले तर तो बोलतलो कसो?”

तिचा प्रश्न रास्त होता. परबांनी चाळिशीही गाठली नव्हती. हिरड्या घट्ट, दातांची मुळं पक्की. असे दात उपटून त्या जागी काचेतले बसवायचे, या विचारानंच मला चीड आली. बरं, परबांचं सगळं भांडवल म्हणजे त्यांचं तोंड. ते गेलं तर ते गिरणीतल्या शेकडो कारकुनांपैकी एक. मी सबनिसांकडे थोड्या दिवसांची मुदत मागितली. त्यांनी दिली, पण जाताजाता परबांच्या टाळूचं मेणाचं माप घेऊन ठेवलं. पुढे वेळ जायला नको, म्हणाले.

आता दात सणकतो म्हणजे काय होतं, ते सांगते. दातावर एनॅमलचं कठीण कवच असतं. कवचाच्या आत जो भाग असतो त्याला डेंटिन म्हणतात. डेंटिनला बारीक बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या टोकाशी दाताची नस असते. कवच झिजलं की ही छिद्रं उघडी पडतात. मग गार पाणी, गरम आमटी, नुसता वारा, जे काही येईल ते नसेच्या दारावर धडका देतं. इलाज दोनच. छिद्रं बुजवायची किंवा नस बधिर करायची. हे कशानं करायचं, यावर मात्र दंतवैद्यांचं कधी एकमत झालं नाही.

सबनिसांचा भरवसा सिल्व्हर नायट्रेटवर. दात कापसानं कोरडा करायचा, औषध लावायचं, वरून लवंगेच्या तेलाचा हात फिरवायचा. चांदी छिद्रांत बसते. गुण चांगला, पण दात डांबर लावल्यासारखा काळा होतो. माझा कल सोडियम फ्लोराइडकडे. पांढरी माती आणि ग्लिसरीन घालून त्याची लापशी करायची आणि दातावर घासायची. दात पांढराच राहतो, मात्र गुण यायला धीर लागतो. कॉलेजच्या पुस्तकात झिंक क्लोराइडही दिलेलं होतं. ते लावताना पेशंट खुर्चीतून अर्धा उठतो. चौथं मत परबांच्या आईचं. “लवंगाचा त्याल लावा. माज्या बापाशीक तेनाच गुण इलो.”

कुणीच मागे हटेना. शेवटी मी म्हटलं, “एकाच तोंडात चारही लावून बघू. ज्या भागाची सणक आधी थांबेल, त्याचं औषध सगळीकडे.”

सबनीस खुर्चीचा टेकू धरून हसले. “म्हणजे भाषावार प्रांतरचना.”

ते नाव चिकटलंच. वरचा उजवा प्रांत सबनिसांचा, वरचा डावा माझा, खालचा उजवा पुस्तकाचा आणि खालचा डावा आईचा. वरचा उजवा सुळा कुणाचा, यावर आमचं वाजलं. सर म्हणाले तो त्यांच्या बाजूचा, मी म्हणाले तो हसताना दिसतो, काळा करू देणार नाही. त्या सुळ्याचं पार बेळगाव झालं. तो तसाच सोडला. मग पुढच्या दातांचा प्रश्न आला. तिथे काळं औषध मला नको आणि माझं औषध सरांना नको. तडजोड म्हणून वरचे पुढचे दात कुणालाच द्यायचे नाहीत असं ठरलं.

“केंद्रशासित,” सबनीस म्हणाले. “मुंबईला करणार होते तसे.”

हे ऐकून परबांनी तोंडावरचा रुमाल काढला. “डॉक्टर, निदान माझ्या तोंडात तरी मुंबई महाराष्ट्राला द्या.”

पण दिल्लीनं जसं ऐकलं नाही तसं आम्हीही ऐकलं नाही.

परब एक दिवसाआड यायला लागले. पहिले दोन-तीन दिवस चारही प्रांतांत आबादीआबाद. सबनीस माझ्याकडे बघून भुवया उडवायचे, मी सबनिसांकडे बघून उडवायची, आणि आई दोघांकडे बघून मान डोलवायची. मग रविवार यायचा. रविवारी परबांच्या दोन-तीन सभा असत. सोमवारी ते येत ते पुन्हा रुमाल दाबून. उजवीकडे सणक, डावीकडे सणक, वर आणि खाली सणक. चारही औषधं एकदम हरत होती. इतकी समान वागणूक मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या इलाजाकडून पाहिली नाही.

“तुम्ही खाता काय, परब?” मी एका सोमवारी विचारलं.

परब ताठ बसले. “बाई, मी सगळं सोडलंय.”

मग ती हकीकत कळली. मागे एका सभेत, भाषणाच्या भरात, त्यांनी पण केला होता. मुंबईसह महाराष्ट्र होत नाही तोवर चहाचा घोट आणि साखरेचा कण घेणार नाही. आपल्याकडे मनातलं काही व्हावं म्हणून काहीतरी सोडायची रीत जुनी आहे. बहुतेक जण हुशारीनं आपल्याला न आवडणारी वस्तू सोडतात. आमच्या फणसवाडीत एका गृहस्थांनी मुलाच्या नोकरीसाठी कारलं सोडलं होतं. परबांनी मात्र चहा सोडला होता. गिरणीतल्या कारकुनानं चहा सोडणं म्हणजे थट्टा नव्हे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर दाटला, आणि त्या आदरापोटी मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

सबनीस मात्र खूश झाले. “साखर नाही म्हणजे कीड नाही. कीड नाही तरी दुखतं. म्हणजे दात मुळातच कुचकामी. शनिवारी या.”

शनिवार जवळ आला. मी शेवटचं म्हणून परबांचे दात पुन्हा निरखून पाहिले. खालच्या उजव्या दाढेत एक जुनी चांदी भरलेली होती. कधीकाळी कुणी डॉक्टरनं भरलेली, चांगली घासूनपुसून दाताच्या पातळीला आणलेली. ती आता दाताच्या वर उभी होती, भरतीच्या पाण्यात खडक डोकं काढतो तशी. चांदी काही वाढत नाही. म्हणजे तिच्या आजूबाजूचा दात खाली गेला होता. दात चावून झिजला असता तर चांदीही झिजली असती. इथे चांदी जागच्या जागी आणि दात विरघळलेला. पुढचे दातही घासून खरवडल्यासारखे नव्हते. ते गुळगुळीत होते, जिभेवर ठेवलेल्या खडीसाखरेसारखे. दात असा विरघळवणारी गोष्ट एकच, आंबट.

“चिंच खाता? कोकम? कैरी?”

“छे.”

“लोणचं?”

“बाई, मी साधा माणूस. आमटी-भात, मासे. सांगितलं ना, सोडलंय सगळं.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरंच आठवलं नाही. आणि का आठवलं नाही, ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालबागेत कळलं.

तिथे परबांची सभा होती, आणि मी गेले ते दात बघायला. खोटं कशाला बोलू, घोषणाही दिल्या. गोळीबारात माणसं गेली होती आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात ते सलत होतं. तो विषय थट्टेचा नव्हता. थट्टेचा विषय त्यानंतर व्यासपीठावर आला.

परब उभे राहिले. चार वाक्यं बोलले, टाळ्या पडल्या आणि एका मंडळाचा कार्यकर्ता पेला घेऊन वर चढला. चाळीच्या समितीचे सेक्रेटरी पांचाळ माईकवर म्हणाले, “आमच्या परबांनी चहा-साखर त्यागली आहे. ते केवळ लिंबाच्या पाण्यावर लढत आहेत.” परबांनी पेला उंच धरला. घोट घेतला, तोंडात खळखळून फिरवला, मान वर करून घशाशी गुळगुळ केली आणि गिळला. मैदान टाळ्यांनी दणाणलं. पुन्हा चार वाक्यं. दुसऱ्या मंडळाचा दुसरा पेला. मग तिसऱ्याचा. हार परवडत नाही अशा मंडळांना लिंबू परवडत होतं. कुठल्याही मंडळाला मागे राहायचं नव्हतं आणि परबांना कुणाचं मन मोडायचं नव्हतं. साखर वर्ज्य, त्यामुळे सगळं लिंबू नुसतं, करकरीत आंबट.

चिंच खाल्ली की दात आंबतात हे गिरगावातल्या शाळकरी पोरीला ठाऊक असतं. आम्ही दोन पदवीधर डॉक्टर त्याच तोंडाचे नकाशे काढत बसलो होतो. आणि परबांना मी खाणं विचारलं तेव्हा त्यांच्या मनात लिंबू आलंच नाही, कारण त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतं. ते आंदोलन होतं.

सभा संपल्यावर मी व्यासपीठामागे दोघांना गाठलं. पांचाळ दुपट्ट्यानं घाम पुसत होते.

“उद्यापासून लिंबू बंद,” मी म्हटलं.

“शक्य नाही, बाई,” पांचाळ म्हणाले. “त्यांचा पण आहे.”

“पण चहा-साखरेचा होता. लिंबाचा कधी केला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. परब विचार करून म्हणाले, “केला नाय कधी. पहिल्या दिवशी घसा बसला होता. चहा चालत नाही म्हणून कुणीतरी लिंबू दिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीच्या फळ्यावर तेच लिहिलेलं. तिसऱ्या दिवसापासून पेले यायला लागले.”

“मग सोडा.”

“आता सोडलं तर लोक म्हणतील परब ढिले पडले. दिल्लीशी आतून बोलणी चाललीत म्हणतील. तुम्हाला आमची माणसं माहीत नाहीत.”

“साधं पाणी प्या ना.”

पांचाळांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बाई, पाण्याला टाळ्या कोण देणार?”

मला इतका राग आला की मी म्हटलं, “ठीक आहे. उद्या शनिवार. दोघंही या. दात काढून टाकू, मग लिंबाच्या पिंपात बसलात तरी दुखणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघं आले, आईला घेऊन. सबनिसांनी चिमटे उकळत ठेवले होते. मी त्यांना म्हटलं, “सर, काढण्याआधी पेशंटला डेंचरची कल्पना देऊ या.” डेंचर म्हटल्यावर सबनीस कशालाही तयार असत. त्यांनी स्वतःच, टाळूच्या मापावरून बनवलेलं मेणाचं ताट परबांच्या तोंडात बसवलं. वरची कवळी टाळू असाच झाकते. जिभेला तिची सवय व्हायला महिने जातात आणि काहींना ती होतच नाही.

“आता घोषणा द्या,” मी म्हटलं.

परबांनी छाती भरली. “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे” यात स, ष, झ, च, ज अशी दात आणि टाळू मागणारी अक्षरं किती ते मोजून बघा. जे बाहेर आलं ते तोंडात अख्खा लाडू धरून कुणी बोलावं तसं होतं. आईनं पदर तोंडाला लावला. हसायला की रडायला, ते कळलं नाही.

“जरा जोरात,” पांचाळ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “मैदान समजून.”

परबांनी मैदान समजून दिली. ताट सुटलं आणि थुंकायच्या भांड्यात जाऊन पडलं.

मग परब अगदी हळू म्हणाले, “बाई, माझे दात राहू द्या. मला बोलण्याशिवाय दुसरं काही येत नाही हो.”

इतके दिवस मी त्यांच्यावर मनातून हसत होते. त्या वाक्यानंतर मी उठून चिमट्यांखालची आच बंद केली.

तोड काढली पांचाळांनी. नाही म्हटलं तरी राजकारणातला माणूस. एक टपोरं लिंबू व्यासपीठावर, माईकशेजारी, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. मंडळांचे पेले पांचाळांच्या हातातून जायचे आणि त्यांत साधं पाणी असायचं. परबांनी पेला उंच धरायचा, खळखळून फिरवायचा आणि गिळायचा. पुढच्या रविवारी तसंच केलं. टाळ्या तेवढ्याच पडल्या. उलट पांचाळांच्या मते थोड्या जास्तच.

सणक हळूहळू उतरली. महिनाअखेरच्या सभेत परब इतके बोलले की मोठे पुढारी येऊन बसले तरी थांबेनात. मागून कुणीतरी सदरा ओढला तेव्हा थांबले.

मग श्रेयाची वाटणी सुरू झाली. सबनीस येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगत की सिल्व्हर नायट्रेटला तोड नाही. आईनं चाळीत लवंगेच्या तेलाची कीर्ती पसरवली. मीही एका जुन्या मैत्रिणीला पत्रात फ्लोराइडविषयी लिहिणार होते. पण अडचण अशी होती की वरचे पुढचे दात, केंद्रशासित, ज्यांना कुणीच औषध लावलं नव्हतं, तेही तेवढेच आणि त्याच सुमारास बरे झाले होते. वादातला सुळासुद्धा. औषधांच्या तुलनेतून एवढंच सिद्ध झालं की गुण लिंबू थांबल्याचा होता. ही गोष्ट आमच्यापैकी कुणी बोलून दाखवली नाही. मी पत्रही लिहिलं नाही.

त्या केसपासून मी एक धडा घेतला आणि तो पुढे प्रॅक्टिसभर वापरला. माणसानं काय सोडलंय ते विचारावं लागत नाही. ते तो आपणहून सांगतो, शेजाऱ्यांनाही सांगतो. त्यानं काय धरलंय ते मात्र खोदून विचारावं लागतं.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह. गिरगावात आम्ही दारात कंदील लावले, आणि मी रडले, ते लपवत नाही. चाळीनं परबांचा पण वाजतगाजत सोडवला. पांचाळांनी स्वतःच्या हातानं त्यांना बशीतून चहा पाजला, साखर घालून, आणि वर पेढा भरवला.

एक-दोन वर्षांनी परब पुन्हा ठाकूरद्वारला आले. या वेळी गाल सुजलेला होता. दोन दाढा आतून पोखरून काळ्या झाल्या होत्या. सबनिसांनी आरसा घातला, काढला आणि कपाटाकडे पाहिलं.

“काय सोडलंय आता?” ते म्हणाले.

“काय नाय, डॉक्टर. आता कशाला सोडायचं?”

“आणि धरलंय काय?” मी विचारलं.

परबांनी गालावरचा हात काढला आणि जरा लाजले. “सत्कार,” ते म्हणाले. “जिथे जातो तिथे पेढे भरवतात, बाई. कुणाचं मन मोडवत नाही.”

सबनिसांनी चिमटे उकळायला ठेवले. या वेळी मी त्यांना अडवलं नाही.